ऊन अडवावे, वारा सोडावा: कोकणातल्या घरात उन्हाळ्याचे वीजबिल कमी करण्याची रीत

कोकणच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत तापमापकावरचा आकडा फारसा मोठा नसतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो तेव्हा मालवण, रत्नागिरी किंवा अलिबागला दुपारचे तापमान बहुधा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते. तरीही अंगाची काहिली होते, रात्री उशी ओली होते आणि पहाटेपर्यंत झोप लागत नाही. याचे कारण हवेतला दमटपणा हे आहे. शरीर घाम वाळवून थंड होते आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. त्यामुळे घर थंड ठेवण्याविषयी देशावर किंवा विदर्भात जे उपाय सांगितले जातात, त्यांतले काही इथे निरुपयोगी ठरतात आणि काही तर उलटे पडतात. पैसे खर्च करण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

सर्वांत मोठे उदाहरण पाण्याच्या कूलरचे आहे. ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकावर जो आकडा दिसतो, त्याखाली कोणताही कूलर हवा नेऊ शकत नाही. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २३ अंश येते. म्हणून विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांनी खरोखर सुख मिळते. किनाऱ्यावर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असते तेव्हा मर्यादाच २८ अंशांच्या वर राहते, प्रत्यक्षात कूलर तिथपर्यंतही पोचत नाही आणि खोलीतली ओल मात्र वाढवून ठेवतो. बंद खोलीत तासाभरात भिंती ओलसर लागू लागतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो आणि घाम वाळणे आणखी कठीण होते. किनाऱ्यालगतच्या घरासाठी कूलर घेऊ नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. जवळ असलाच तर त्यात पाणी न घालता तो केवळ जोरदार पंखा म्हणून खिडकीशी लावावा.

तेव्हा इथे दोन कामे स्वस्तात होण्यासारखी आहेत: घराला तापू न देणे आणि अंगावरून सतत हवा वाहती ठेवणे. हवेतली ओल काढून टाकणे हे तिसरे काम फक्त यंत्र करते आणि त्याचे मोल वीजबिलात द्यावे लागते. पहिली दोन कामे जितकी नीट होतील, तितके तिसऱ्यावर कमी अवलंबून राहावे लागते.

आपल्या घरावरचे ऊन आणि वारा आधी ओळखावा

कोकणातल्या घराची अडचण अशी की, दुपारनंतरचे ऊन आणि समुद्रावरचा वारा हे दोन्ही एकाच दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून येतात. साधारण अकरा-बारा वाजता जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत टिकतात. नेमक्या त्याच वेळी सूर्यही पश्चिमेकडे कलत असतो. ऊन लागते म्हणून पश्चिमेची खिडकी गच्च लावून घेतली की वाराही बंद होतो, आणि वाऱ्यासाठी ती सताड उघडली की चार वाजल्यापासून उन्हाचा पट्टा थेट पलंगावर येतो. पुढे जे उपाय सांगितले आहेत, त्यांतील बहुतेकांचा हेतू हा पेच सोडवण्याचा आहे.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. सिंधुदुर्गापासून रायगड जिल्ह्यापर्यंत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. सावंतवाडीकडे आधी, अलिबागकडे काही दिवसांनी. शाळेतली मुले याच दिवसांत काठी रोवून शून्य सावली पाहतात. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत जवळजवळ सावलीत असते, थोड्याशा छज्जाने तिचे काम भागते, आणि सगळा मारा छपरावर होतो. त्याखालोखाल सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी छपरावर, मग पश्चिमेवर खर्च करावेत. दक्षिणेच्या खिडक्यांना महागडे पडदे लावण्यात उन्हाळ्यापुरता फारसा अर्थ नाही.

खलाटीतले घर आणि वलाटीतले घर यांतही फरक करावा. दापोली-हर्णै, गुहागर, देवगड, वेंगुर्ले या किनारी भागात दुपारचा वारा भरवशाचा असतो, पण रात्र उबदार राहते. महाड, माणगाव, चिपळूण, कुडाळ या आतल्या भागात समुद्राचा वारा उशिरा आणि मंदावून पोचतो, दुपार अधिक तापते. मात्र पहाट किनाऱ्यापेक्षा गार होते. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा आतल्या कोकणाचा उन्हाळा सौम्य समजू नये. आतल्या भागात रात्री सर्व दारे-खिडक्या उघडून घर गार करून घेणे आणि सकाळी नऊनंतर सावलीत बंद ठेवणे फायद्याचे ठरते. किनाऱ्यावर मात्र दिवसभर वारा खेळवणेच बरे.

खिडक्यांचे वेळापत्रक त्यावरून ठरते. रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे मंद असले तरी असतात, त्यांच्यासाठी पूर्वेच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दुपारी समुद्राचा वारा सुटला की पश्चिमेच्या उघडाव्यात आणि पूर्वेकडे वाऱ्याला बाहेर पडायला तेवढीच किंवा त्याहून मोठी वाट ठेवावी. बाहेर पडायला वाट नसेल तर समोरून कितीही वारा आला तरी तो खोलीत शिरत नाही. आतल्या खोल्यांची दारे बंद ठेवण्याची सवय इथे महाग पडते. आडोसा हवा असेल तर दार उघडे ठेवून सुती पडदा लावावा. दुमजली घरात जिन्याच्या वरचे दार किंवा झरोका जाळी लावून उघडा ठेवला तर वर साठलेली गरम हवा आपोआप निघून जाते.

मार्च महिन्यात मात्र काही दिवस याला अपवाद असतात. पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा, तापलेला वारा जोर धरतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरापर्यंत सुटतच नाही, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणीही पारा ४० च्या जवळ जातो. अशा दिवशी पूर्वेच्या खिडक्या सकाळीच लावून घ्याव्यात आणि खारा वारा सुटल्यावरच घर उघडावे. ओल्या चादरी, वाळ्याचे पडदे हे उपाय कोकणात उपयोगी पडलेच तर याच दोन-चार दिवसांत पडतात.

छप्पर

नळ्यांचे किंवा मंगलोरी कौलांचे छप्पर पातळ असते. ते लवकर तापते तसे संध्याकाळी लवकर निवतेही, आणि कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निसटत राहते. त्रास होतो तो तापलेल्या कौलांची धग थेट खाली अंगावर येते म्हणून. जुन्या घरांत ही धग माळा अडवत असे. फळ्यांच्या माळ्यावर भाताच्या कणग्या, सुक्या नारळांचे ढीग, जुनी भांडी असत, आणि खालची माजघराची खोली भर दुपारीही सुसह्य असे. अलीकडे घर दुरुस्त करताना उंची मिळावी, खोली मोकळी दिसावी म्हणून माळा काढून टाकण्याची पद्धत पडली आहे. दिसायला ते छान दिसते, पण मला हे पाहून वाईट वाटते. कारण त्या घरात पुढच्याच उन्हाळ्यात एसीचा विचार सुरू होतो. माळा असेल तर तो ठेवावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना हवा जाण्यासाठी जाळीचे झरोके असू द्यावेत. नसेल तर निदान झोपण्याच्या खोलीला फळ्यांचा, प्लायचा किंवा बांबूच्या चटईचा आडवा थर द्यावा, आणि तो व कौले यांच्यामधली हवा कोंडू देऊ नये. उजेडासाठी बसवलेली काचेची कौले उन्हाळ्यापुरती आतून पांढऱ्या कापडाने झाकावीत. एक काचेचे कौल म्हणजे दुपारी खोलीत उघडलेली उन्हाची खिडकीच असते.

सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर असल्यास वरून पांढरा रंग देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते श्वासातून जाणे घातक असते. म्हणून रंगापूर्वी पत्रे कोरडे असताना घासू किंवा खरवडू नयेत, ओले करून हलक्या हाताने धुवावेत, आणि पत्र्यावर पाय न ठेवता फळी टाकून काम करावे.

स्लॅबच्या घराचा प्रश्न वेगळा आहे आणि आता गावोगाव तीच घरे अधिक होत असल्यामुळे त्याबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी, म्हणजे नेमकी आपण झोपायला जातो तेव्हा, ती उष्णता खाली सोडू लागतो. रात्री दहा वाजता छताच्या खालच्या बाजूला हात लावून पाहावा. छत कोमट लागत असेल तर पंखा फक्त गरम हवा खाली ढकलत आहे आणि एसी लावला तर तो आधी स्लॅबशी झुंजत बसणार आहे, हे ओळखावे.

यावरचा पहिला उपाय पांढऱ्या लेपाचा. काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग बहुतेक ऊन शोषून घेतो, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परतवतो. साधी चुनकळी विरवून, गाळून, त्यात बांधकामासाठी मिळणारे चिकट द्रावण थोडे मिसळून दोन-तीन हात दिले तर एका हंगामापुरते काम होते. पावसाळ्यातले शेवाळ पूर्ण वाळल्यावर तारेच्या ब्रशने काढून, फेब्रुवारीच्या सुमारास हे काम करावे. पृष्ठभाग ओलसर असताना दिलेला चुना पापुद्रे धरून सुटतो. चुना विरवताना तो उकळतो, तेव्हा डोळे आणि हात सांभाळावेत आणि मुलांना लांब ठेवावे. कोकणातल्या पावसाचे मान वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात असल्यामुळे चुन्याचा लेप दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. छपरावर परावर्तक रंग दिला तर तो अधिक टिकतो, मात्र शेवाळ आणि धूळ बसून तो काळा पडला की त्याचा गुण जातो. म्हणून दर फेब्रुवारीत धुणे त्यालाही चुकत नाही. फोडलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या लाद्यांचा मोझेक बसवणे खर्चिक असले तरी तो वर्षानुवर्षे टिकतो आणि गळतीही थांबवतो. ज्यांना गच्चीची गळती दुरुस्त करायचीच आहे, त्यांनी दोन्ही कामे एकदम साधावीत.

दुसरा उपाय कोकणात आधीपासूनच घरोघर दिसतो, पण तो वेगळ्या कारणाने केलेला असतो. पावसाची गळती थांबावी म्हणून स्लॅबवर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची शेड उभारली जाते. ही शेड उन्हाळ्यातही स्लॅबला पूर्ण सावली देते, आणि चारही बाजू मोकळ्या असल्या तर पत्र्याखालची तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. नवीन शेड करताना पत्रे पांढरे किंवा फिक्या रंगाचे निवडावेत. गडद निळा, लाल किंवा हिरवा पत्रा अधिक तापतो आणि ती धग खाली टाकतो. पुढे जागा हवी म्हणून शेडच्या बाजू बंद करून घेण्याचा मोह आवरावा, कारण मग तिथे भट्टी तयार होते. शेडसाठी परवानगी लागते का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत आधी विचारून घ्यावे.

शेडचा एक तोटाही आहे. मे महिन्यात आमसुले, फणसाची आणि आंब्याची साटे, मिरच्या, पापड हे सगळे याच गच्चीवर वाळते. संपूर्ण गच्ची झाकली की घरातल्या बायकांची वाळवणाची जागा जाते आणि मग वाळवण अंगणात, कोंबड्यांच्या आणि माकडांच्या तावडीत येते. म्हणून ज्या खोल्यांत आपण झोपतो त्यांच्यावरचाच भाग झाकावा आणि स्वयंपाकघर किंवा पडवीवरचा भाग वाळवणासाठी उघडा ठेवावा. शेडचा खर्च झेपत नसेल तर स्लॅबच्या वर हातभर उंचीवर बांबू बांधून त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप किंवा शेडनेट अंथरावी. झाप थेट स्लॅबवर टाकू नयेत. मधली हवा खेळती राहिली तरच सावलीचा पूर्ण लाभ होतो.

स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारण्याचा उपाय गुण देतो, कारण तापलेल्या पृष्ठभागावरून पाणी दमट हवेतही उडून जाते. पण जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, मे महिन्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहिली जाते. अशा दिवसांत गच्चीवर पाणी ओतणे मला पटत नाही, आणि पंपाची वीजही त्यात जातेच.

पश्चिमेची बाजू

उन्हाला काचेच्या बाहेर अडवावे, आत नव्हे. काचेतून ऊन एकदा आत आले की आतल्या पडद्यावर तापून ती उष्णता खोलीतच राहते. आपल्या वाडवडिलांनी पश्चिमेला खोल पडवी ठेवली, ती याच कारणाने: ऊन पडवीच्या जमिनीवर थांबते आणि वारा ओटीवरून आत जातो. पडवी नसेल तर खिडकीपासून दोन-तीन हात अंतरावर झापांचा, बांबूच्या तट्ट्याचा किंवा शेडनेटचा आडोसा उभा करावा. तो खिडकीला चिकटवू नये आणि जमिनीपासून थोडा वर ठेवावा, म्हणजे वाऱ्याला खालून व बाजूने वाट राहते. आमच्या घरी पश्चिमेच्या खिडकीसमोर पूर्वी जाड पडदा होता. तो काढून बाहेर झाप बांधले तेव्हा संध्याकाळची खोली राहण्याजोगी झाली.

झाडांचा आडोसा सर्वांत उत्तम, पण कोणते झाड लावायचे ते पाहावे. माड आणि पोफळ उंच असल्यामुळे त्यांच्या झावळ्या छपरावर सावली धरतात आणि खालून वारा मोकळा जातो. घरावर नारळ पडणार नाहीत एवढे अंतर मात्र ठेवावे. पश्चिमेच्या भिंतीलगत केळी लावल्या तर वर्षाच्या आत सावली मिळते. मांडवावर तोंडली, दुधी, पडवळ यांचे वेल चढवावेत. दाट कुंपण किंवा उंच भिंत मात्र पश्चिमेला घालू नये. सुरक्षिततेसाठी आठ फुटांचा गडगा उभारून नंतर आत वारा येत नाही म्हणून एसी घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत उष्णता हळूहळू आत सोडते, हा तिचा मोठा गुण आहे. तिला बाहेरून फिका रंग असावा. नवे घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेला सरकत्या काचांच्या खिडक्या बसवू नयेत. त्यांचा अर्धाच भाग उघडतो, म्हणजे निम्मा वारा कायमचा बाहेर राहतो. जुन्या पद्धतीच्या, वरची व खालची दारे वेगळी उघडणाऱ्या गजांच्या खिडक्या किंवा तिरक्या पट्ट्यांची झडपे ऊन अडवून वारा देतात.

घरात तयार होणारी उष्णता आणि ओल

स्वयंपाकघरातून उष्णतेबरोबर वाफही घरभर पसरते आणि दमट हवेत तिचा त्रास दुप्पट होतो. पेज, भात, डाळ, उकडलेले कुळीथ अशी जास्त वाफेची कामे सकाळी लवकर आटोपावीत, भांड्यांवर झाकण ठेवावे, आणि एक्झॉस्ट पंखा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बहुधा पूर्वेला बसवावा. पश्चिमेला बसवला तर समुद्राचा वारा धूर आणि वाफ परत आत ढकलतो. ज्यांच्याकडे मागील दारी चूल आहे, त्यांनी उन्हाळ्यात अंघोळीचे पाणी, भात उकडणे ही कामे तिथेच करावीत.

ओले कपडे घरात वाळत घालू नयेत. फ्रीज भिंतीपासून चार बोटे दूर, उन्हापासून व शेगडीपासून लांब ठेवावा आणि दाराचे रबर घट्ट बसते का ते पाहावे. जुने पिवळे बल्ब उरले असतील तर काढून एलईडी लावावेत.

पंखे

कोकणात पंखा हे मुख्य यंत्र आहे. तो हवा थंड करत नाही, पण अंगावरची ओलसर हवा हलवून घाम वाळवतो आणि त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरक पडल्यासारखे वाटते. म्हणून ज्या खोलीत माणूस नाही, तिथला पंखा बंद करावा.

जुना छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. दिवसाला १६ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे रोज ०.७२ युनिट, म्हणजे महिन्याला २१ युनिटांहून थोडी अधिक बचत होते. घरात असे तीन पंखे असतील तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकनाचे लेबल बंधनकारक आहे, ते पाहूनच पंखा घ्यावा. सगळे एकदम बदलणे शक्य नसेल तर रात्रभर चालणारा पंखा आधी बदलावा. या पंख्याचा आणखी एक लाभ किनाऱ्यावरच्या लोकांना विशेष जाणवेल: वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर तो दुपटीहून अधिक वेळ चालतो.

जुना पंखा मंद झाला असेल तर तो टाकण्यापूर्वी पाती पुसून कपॅसिटर बदलून पाहावा. अगदी थोड्या खर्चात वेग परत येतो. कौलारू घरात पंखा आढ्याजवळ उंच टांगू नये, लांब दांडी लावून जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणावा. स्लॅबच्या घरात पाती छतापासून किमान फूटभर खाली असावीत.

एसी घ्यायचाच असेल तर

वृद्ध माणसे, तान्ही बाळे, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण घरात असतील तर एसी लावण्यात संकोच करू नये. तिथे बचतीचा हिशेब करायचा नसतो. फक्त एकच खोली निवडावी आणि ती नीट बंद होईल अशी करावी. वर उघडी कौले असलेल्या खोलीत एसी बसवणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे होय. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला विक्रेत्याने कौलारू खोलीसाठी दोन टनांचा एसी घ्यायला लावला. तो दिवसरात्र चालूनही खोली गार होईना. शेवटी खाली प्लायचे छत करून फटी बुजवल्यावर एक टनाच्या एसीने भागले असते, हे त्यांच्या लक्षात आले. दमट हवेत गरजेपेक्षा मोठा एसी आणखी एका कारणाने वाईट: तो हवा पटकन थंड करून थांबतो, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते.

हवेतले एक लिटर पाणी काढण्यासाठी एसीला सुमारे ०.२ युनिट वीज लागते. रात्रभरात नळीतून बादलीत किती पाणी जमते ते एकदा मोजावे, म्हणजे बिलाचा केवढा भाग ओलीपायी जातो ते कळेल. हे पाणी झाडांना घालता येते. म्हणून एसीच्या खोलीत ओला टॉवेलही ठेवू नये, न्हाणीघराचे दार लावून घ्यावे आणि खिडक्यांच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवाव्यात. फार उकाडा नसून केवळ चिकचिक असेल, विशेषतः मे अखेरच्या ढगाळ रात्री, तेव्हा ड्राय मोड, म्हणजे थंडाव्यापेक्षा ओल काढण्यावर भर देणारी एसीची सोय, वापरावा. एरवी २६ किंवा २७ अंशांवर एसी ठेवून सोबत छताचा पंखा हळू लावावा. जानेवारी २०२० पासून नवे एसी आपोआप २४ अंशांवर सुरू होतात. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे.

खारी हवा एसीच्या बाहेरच्या भागाला खाते. हा भाग समुद्राच्या थेट वाऱ्यात बसवू नये. उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत, पण मोकळ्या हवेत बसवावा. मुख्य बटण बंद करून दर महिन्या-दीड महिन्याने त्याच्या जाळीवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा, कारण मिठाचा थर बसला की गंज लागतोच, शिवाय उष्णता बाहेर टाकणेही मंदावते. आतल्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवाव्यात. गावात व्होल्टेज पडत असेल तर एसीला स्टॅबिलायझर आवश्यक आहे.

बिलाचा हिशेब

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. याचा अर्थ असा की, आपण वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते. तीन पंख्यांमागे वाचणारी ६५ युनिटे एखाद्या घराला ३०० च्या आत ठेवू शकतात, आणि मग बचत अपेक्षेपेक्षा मोठी दिसते. दर रविवारी ठरावीक वेळी मीटरचा आकडा दिनदर्शिकेवर लिहावा. एखाद्या आठवड्यात आकडा उडी मारतो, तेव्हा त्या आठवड्यात काय बदलले होते ते आठवते. महिन्याने आलेल्या बिलावरून ते कळत नाही.

ज्यांचे बिल वर्षभर मोठे येते, त्यांनी छतावरच्या सौर संचाचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. कोकणच्या पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते. पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते, हा वेगळा लाभ. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड असावा आणि त्याचे बोल्टही.

छपरावर जे काही बसवाल, ते वादळाचा विचार करूनच बसवावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे, कौले आणि बागा उद्ध्वस्त झाल्या, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले. दोन्ही वेळा उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांतच हे घडले. म्हणून शेडचे खांब स्लॅबमध्ये नीट जखडलेले असावेत, पत्र्यांना दरवर्षी मे महिन्यात गंजलेले स्क्रू बदलून द्यावेत, आणि हवामान खात्याचा इशारा आला की शेडनेट आणि झाप त्याच दिवशी उतरवून घ्यावेत. शेडनेट धुऊन, वाळवून, गुंडाळून माळ्यावर ठेवली तर ती पुढच्या उन्हाळ्यातही कामी येते. झाप मात्र तोवर वाळून ठिसूळ झालेले असतात. ते मागील दारी चुलीपाशी रचून ठेवावेत, पावसाळ्यात पेटवण म्हणून उपयोगी पडतात.